मुकादमाचं इंग्रजी आणि पितळी घंगाळ

६ जानेवारी, सोमवार

घरातून हाकललं मला! रिटायर होऊन आठवडा झाला नाही तोवर!

प्रेमलाच्या हातात लाटणं होतं, म्हणून वाद घातला नाही. गुन्हा काय, तर मी ओट्याशी उभा राहून सांगत होतो — रोज लागतो तो डबा पुढे, सणासुदीचा मागे, जड खाली, हलकं वर. एकोणीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात हमालांच्या टोळीचा मुकादम होतो. थप्पी कशी लावायची ते मला नाही कळणार तर कुणाला?

"आवं, मी काय तुमच्या टोळीत हाय का?" म्हणाली. "जावा तिकडं. गावात इंग्लिशचा क्लास हाय, तिथं बसा जाऊन. नाव घातलंय तुमचं."

नाव घातलंय! विचारलं नाही, सवरलं नाही. साठ वर्षांचा बाप्या, बालवाडीत घातल्यासारखा घातला.

जाणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

गेलो. काय करणार, दुपारी झोपलो तरी म्हणते पंख्याचं बिल येतं.

सानपाडा गावात एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर क्लास. मॅडमचं नाव जागृती. पंचविशीतली पोरगी, आगऱ्यांची, पण इंग्रजी अशी बोलते की ऐकतच राहावं. बॅच नोव्हेंबरपासून चालू आहे, मी मधेच घुसलोय. शेजारी मालतीबाई बसतात, माझ्याच वयाच्या. त्यांची नात तिकडे परदेशात, तिला मराठी येत नाही आणि यांना इंग्रजी. व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींना नुसत्या हात हलवतात म्हणे.

फी विचारली, तर मॅडम म्हणाल्या, "भरलीय, सर." प्रेमलाने भिशीतून काढली असणार.

पण — सर! मला! पस्तीस वर्षं मार्केटात काढली. शिव्यांसकट सगळी नावं ठेवून झाली, पण सर कुणी म्हटलं नव्हतं. येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.

१० जानेवारी, शुक्रवार

उठून उभं राहून नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं. पन्नास किलोची गोण पाठीवर घेताना आला नव्हता एवढा घाम आला.

१३ जानेवारी, सोमवार

आज काय सापडलं! काय सापडलं!

मॅडमनी फळ्यावर लिहिलं — आय वॉश्ड माय कार. त्याच्याखाली — आय हॅड माय कार वॉश्ड. म्हणाल्या, पहिल्यात गाडी स्वतः धुतली. दुसऱ्यात धुवून घेतली, हात दुसऱ्याचा. असं सांगायला इंग्रजीत वेगळी क्रियापदं आहेत — हॅव, गेट, मेक.

मी बाकावरून उठलोच. "मॅडम, ही तर मुकादमाची भाषा!"

सगळे हसले. मी थांबतोय होय! सुटलो. आय हॅड द ट्रक अनलोडेड. आय गॉट द शॉप स्वेप्ट. आय मेड धनाजी वेट. धनाजी म्हणजे माझ्या टोळीतला, आता माझ्या जागी मुकादम झालाय तो. त्याला मी किती वेळा ताटकळत ठेवलं असेल, गणती नाही. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या आणि मी सांगत होतो. पंधरा वाक्यं! एक चूक नाही! मालतीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आधीपासून येत होतं की काय?"

येत होतंच. एकोणीस वर्षं मी हेच बोलत होतो, फक्त मराठीतून. सुरुवातीला सोळा वर्षं गोणी वाहिल्या, ती गोष्ट वेगळी; मुकादम झालं की मालाला हात लावायचा नसतो. लावला तर टोळीला कमीपणा. आपण नुसतं बोट दाखवायचं आणि गाडी रिकामी व्हायला हवी.

घरी येऊन प्रेमलाला म्हणालो, "आय हॅड द टी मेड." चहा मिळाला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सुनयनाला तिळगूळ पाठवला. म्हणजे प्रेमलाच्या हाती. आय हॅड द तिळगूळ सेंट.

माझी पोरगी सीवूड्सला राहते. सानपाड्याहून तिसरं स्टेशन. चार वर्षं झाली, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. प्रेमला जाते, येते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. आज मात्र विचारलं, काही बोलली का? "घेतला की," म्हणाली आणि डबा घासायला टाकला.

एवढंच.

१५ जानेवारी, बुधवार

आज वाक्यं उलटी करायला शिकवलं. आय मेड धनाजी वेट, हे उलटं केलं की — धनाजी वॉज मेड टू वेट. गंमत बघा, सरळ वाक्यात तो टू दडून बसलेला असतो, उलटं केलं की लगेच बाहेर येतो. मॅडम म्हणाल्या, हॅव असं उलटं होत नाही, मेक होतं. बरं, हॅव नको तर नको, मेक तर मेक!

"स्वतःचं एक वाक्य सांगा, सर."

मी म्हणालो, आय वॉज मेड टू सिट इन धिस क्लास.

"बाय हूम?"

"बाय माय वाइफ! लाटणं दाखवून!"

अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. मॅडमला तर इतकं हसू आलं की खडू हातातून पडला. एवढं काय होतं त्यात हसण्यासारखं, पण मी खूश. रस्त्याने येताना दिसेल ते उलटं करत आलो. कुत्र्याला पळायला लावलं गेलं. भाजीवाल्याला टोपली हलवायला लावलं गेलं. पालिकेच्या माणसाकडून झाड कापवलं गेलं. एक बाई माझ्याकडे बघत बघत फुटपाथ सोडून खाली उतरली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सोसायटीत आता माझ्या नावाने बैठक घेणार आहेत. घ्या! मी काय वाईट केलं? वॉचमनकडून टाकीचं झाकण बसवून घेतलं. झाडूवाल्याकडून गच्चीवरची अडगळ खाली उतरवली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन तरण्या पोरांकडून त्यांच्याच मोटारसायकली ओळीत लावून घेतल्या. मी फक्त बोट दाखवत होतो. सेक्रेटरी वर आला आणि प्रेमलाला म्हणाला, "वहिनी, काकांचा क्लास रोज नाही का ठेवता येणार?"

२० जानेवारी, सोमवार

दोन फेब्रुवारीला, रविवारी, बॅचचा शेवटचा कार्यक्रम. प्रत्येकाने तीन मिनिटं इंग्रजीत बोलायचं. घरच्यांना बोलवायचं.

त्यासाठी होमवर्क दिलाय — तुम्ही आयुष्यात स्वतः केलेल्या गोष्टींची दहा वाक्यं लिहा. मी वहीत लिहायला वाकलो तर मॅडम माझ्या बाकाशी येऊन म्हणाल्या, "सर, तुमच्यासाठी एक नियम. नो हॅव, नो गेट, नो मेक."

"का हो? माझी सगळी गंमत त्यातच आहे."

"म्हणूनच," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

घरी येताना डोक्यात दुसरंच चालू होतं. सुनयनाने यावं. बापाला इंग्रजी बोलताना तिने ऐकावं. लहान असताना शाळेच्या वहीवर माझी सही घ्यायची, तेव्हा मी इंग्रजीत सही गिरवायचो आणि ती म्हणायची, पप्पा, एस उलटा काढलाय. आता सुलटा काढतो. मला बाकी काही नको, ती समोरच्या खुर्चीवर दिसली पाहिजे.

२१ जानेवारी, मंगळवार

दहा वाक्यं. दिवसभर बसलो. चार झाली.

आय ईट. आय स्लीप. आय बाथ. आय कॅरीड सॅक्स सिक्स्टीन इयर्स.

पुढे काहीच नाही! घर — गवंड्याकडून बांधून घेतलं. पोरीचं ॲडमिशन — प्रेमलाला रांगेत उभं केलं. आई गावी आजारी होती तेव्हा — भावाला दवाखान्यात न्यायला लावलं. मुकादमकी सुटीच्या दिवशीही अंगावरून उतरायची नाही. मी हसत हसत लिहायला बसलो होतो, आणि अर्ध्या तासाने पेन खाली ठेवलं.

आणि लग्न. सुनयनाचं लग्न.

तिने विपुलला निवडलं. पोरगा चांगला, करावे गावातला, आगरी. मी नको म्हटलं नाही. पण गावाकडची भावकी काय म्हणेल याची धास्ती होती. लग्नाच्या दिवशी सकाळी मी सांगून टाकलं, मार्केटात गाड्या लागल्यात, मला यायला जमत नाही. गाड्या लागल्या होत्या, ते खोटं नव्हतं. पण गाड्या थांबतात. मी थांबवल्या नाहीत.

त्याऐवजी काय केलं? आख्खी टोळी पाठवली. बावीस माणसं, धुतलेल्या कपड्यात, टेम्पोतून रुखवत घेऊन. वर पितळी घंगाळ, नऊ किलोचं, कड्यांचं, साताऱ्याहून आणवलेलं. मला वाटलं, मुकादमाने आपली टोळी दारात उभी केली, यापेक्षा मोठा मान कुठला! संध्याकाळी टोळी परत आली. रुखवत ठेवून घेतलं होतं. घंगाळ परत पाठवलं होतं. धनाजी म्हणाला, "ताई नको म्हनाली."

बापाची वस्तू नको म्हणाली. मी घंगाळ माळ्यावर टाकलं आणि तिचं नाव काढायचं बंद केलं.

आज इंग्रजीत लिहायला गेलो — आय हॅड द घंगाळ डिलिव्हर्ड. हॅव चालणार नाही म्हणून खोडलं. दुसरं लिहिता येईना.

२२ जानेवारी, बुधवार

क्लासला दांडी. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. म्हणजे प्रेमलाला सांगायला लावलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज अक्षर कसंही येईल.

काल रात्री ठरवलं होतं — सुनयनाला कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचं. आज मार्केट सुटल्यावर धनाजीला घरी बोलावून घेतलं. म्हणालो, "सीवूड्सला जा, ताईला सांग, पुढच्या रविवारी, दोन तारखेला पप्पांचं भाषण आहे."

धनाजी उठेना. चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मुकादम, आता तुमी रिटायर, म्हनून बोलतो. मी न्हाई जानार."

"का रे?"

"मागच्या टायमाला निम्मा निरोप सांगितला मी. चार वर्सं मनाला खातोय."

आणि मग त्याने उरलेला निम्मा सांगितला. त्या दिवशी सुनयनाने मांडवाच्या दारात घंगाळ त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाली — हे आत्ता नको. पप्पांना सांग, हे तुम्ही स्वतः घेऊन या. कधी पण या. मी ठेवून घेईन.

कधी पण या!

"गधड्या, मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगनार? सगळी टोळी ऐकत हुती. मुकादमाला 'तुमी उचला' आसं कुनी म्हनतं का?"

बरोबर आहे त्याचं. टोळीत असं म्हणायची पद्धत नाही. ती पद्धत मीच पाडलेली. एका नव्या पोराने मला एकदा "जरा हात लावा" म्हटलं होतं, तर मी त्याला आठ दिवस थप्पीखालचा कचरा काढायला लावला होता. धनाजीने ते पाहिलं होतं.

त्याला आधी शिव्या घातल्या. मग हसायला आलं. मग जे आलं ते प्रेमलाने पदराने पुसलं. म्हणाली, "मला वाटलं तुमाला सगळं ठाऊक हाय, आन् तुमी हट्टानं बसलाय. पोरीला पन तसंच वाटलं."

चार वर्षं! तीन स्टेशनं! आणि नको म्हणालीच नव्हती! पोरगी नको म्हणालीच नव्हती!

मी घरात नाचलो. साठीत. धनाजीला धरून.

२५ जानेवारी, शनिवार

घंगाळ माळ्यावरून काढलं. मी. स्टूल प्रेमलाने धरलं, तेवढं चालेल.

चिंच लावून घासलं. मी. तीन तास. नखं हिरवी झाली. प्रेमला मधे मधे येऊन म्हणत होती, "तिकडं राहिलं. काठाला राहिलं. कड्याच्या आत बोट घाला." आज ओट्याशी मुकादम ती होती.

२६ जानेवारी, रविवार

मार्केट बंद. सकाळी आठला निघालो. टॉवेलची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, त्यावर घंगाळ. चालत. रिक्षात घातलं असतं, पण मग ते रिक्षाने नेलं असतं.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर टोळी बसलेली! धनाजीच्या पोटात आता काही राहत नाही. सातजण धावत आले. "मुकादम, द्या हिकडं!" "ओ, मान धरंल तुमची!" "आमी असताना तुमी?" एकाने तर हात घातलासुद्धा. मी ओरडलो, "हात लावशील तर बघ!" रस्त्यावरचे लोक थांबले.

मग काय करणार बिचारे! हात रिकामे, तोंड उतरलेलं, वीस पावलं मागून चालत आले. पुढे मी डोक्यावर घंगाळ घेऊन, मागे सात हमाल काहीच न उचलता! जुईनगरला उसाचा रस प्यायलो, त्यांना पण पाजला. एका शाळेत झेंडावंदन चालू होतं, तिथे घंगाळ डोक्यावर तसंच ठेवून उभा राहिलो. नेरूळला गुडघा बोलायला लागला. मान तर कधीच बोलत होती. पण मी मनातल्या मनात म्हणत होतो — आय कॅरी. आय कॅरी. आय ॲम कॅरिंग. एवढं सोपं वाक्य आणि किती दिवसांनी वाट्याला आलं!

विपुलच्या सोसायटीत वॉचमनने विचारलं, "पार्सल किसका है?" मी म्हणालो, "मेरा."

बेल वाजवली. सुनयनाने दार उघडलं. अंगाने भरलीये जरा. चष्मा लागलाय. मी घंगाळ डोक्यावरून खाली उतरवलं. मग तिने विचारलं, "कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी आणलंय."

तिने माझ्यामागे जिन्याकडे पाहिलं. सातजण ओळीने उभे. "आणि हे?"

"हे आपणहून आलेत. मी नाही लावलं त्यांना."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडायला लागली. मला म्हणायचं होतं, चुकलं बाई माझं, मी यायला पाहिजे होतं. म्हणालो. रडत होतो, पण म्हणालो. धनाजी भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता. एका कड्याला तिने धरलं, एका मी, आणि घंगाळ आत गेलं.

चहा विपुलने केला. साखर बेताची घातली. मला तशीच लागते, त्याला कसं कळलं कोण जाणे.

२७ जानेवारी, सोमवार

कार्यक्रमाचं सांगायचंच विसरलो! तीन तास बसलो, पोहे खाल्ले, फोटो काढले, आणि ज्याच्यासाठी जीव टांगला होता तेच राहिलं!

प्रेमला म्हणाली, "मी करू का फोन?"

"नको! अजिबात नको!"

स्वतः नंबर दाबला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. "सुनयना, रविवारी माझं इंग्रजीत भाषण आहे. ये."

"माहितीय, पप्पा. पाच वाजता. पहिल्या रांगेत बसणार आहे मी."

प्रेमलाने आधीच सांगितलं असणार. बाईच्या पोटात पण काही राहत नाही.

संध्याकाळी दहाच्या दहा वाक्यं झाली. खरं तर सहाव्यालाच थांबावंसं वाटत होतं. सहावं — आय कॅरीड द घंगाळ टू माय डॉटर.

२ फेब्रुवारी, रविवार

बोललो. टाळ्या पडल्या. पण ते राहू दे.

भाषण संपल्यावर जागृती मॅडम धावत गेल्या आणि सुनयनाच्या गळ्यात पडल्या. "वहिनी, लागू पडला ना तुझा होमवर्क!"

मॅडम विपुलची आतेबहीण! माझं नाव सुनयनाने घातलं. फी सुनयनाने भरली. दहा वाक्यं, नो हॅव, नो गेट, नो मेक — सगळं तिने सांगितलेलं. प्रेमलाला फक्त लाटणं घेऊन उभं केलं होतं.

म्हणजे पंधरा तारखेचं माझं वाक्य चुकलं होतं. बाय माय वाइफ नव्हे. बाय माय डॉटर.

पोरीने मला उचलायला लावलं, आणि सहा किलोमीटर चालून मला पत्ता लागला नाही. एकोणीस वर्षांत मला असं एकदाही जमलं नव्हतं.